कुंकवाची बाजू वर

“कुणीसुद्धा विश्वास ठेवणार नाही, पण आज सकाळी आपली गाडी हिनकलच्या पुलावरून उडाली,” गंगाधरराव म्हणाले, आणि विश्वेशने डोळे मिटून घेतले.

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. शिवाय ज्यांच्या तोंडातून हे वाक्य बाहेर पडलं ते सख्खे वडील. त्यांना ‘गप्प बसा’ म्हणायची सोय नाही. विश्वेशने पुन्हा डोळे उघडले तेव्हा त्याची बायको सुप्रीता अजून फाटकातच उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात माहेरची केळ्यांची पिशवी. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती टी. नरसीपूरला गेली होती, ऐन दसऱ्यात, आणि आत्ताच मैसूरच्या विजयनगर भागातल्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरून आली होती. ती सासऱ्यांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती गाडीकडे बघत होती.

गाडी लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. पुढून झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, काचेवर गंधाची बोटं. आणि मागच्या भागावर गोदावरीबाईंची मोरांची जुनी चादर. चादरीचं एक टोक उंच ताठ उभं आणि दुसरं टोक लोंबत. असं काही झाकलेलं दिसलं की माणूस आपोआप आवाज खाली आणतो.

“उडाली,” सुप्रीता म्हणाली.

“हौदु. उडाली. आता गरुड उडतो तशी उडाली असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? कोंबडी उडते तशी उडाली.”

सुप्रीता दातांची डॉक्टर. ‘रोज रात्री ब्रश करतो’ हे वाक्य ती दिवसभर लोकांच्या तोंडून ऐकते, आणि ऐकताना तिचा चेहरा जसा असतो तसाच आत्ता होता.

“चहा टाकते,” असं म्हणून गोदावरीबाई घरात गेल्या. वास्तविक चहा टाकलेलाच होता.

इथे विश्वेशची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण त्या संध्याकाळी मैसूरमध्ये त्याच्याइतका अडकलेला माणूस दुसरा नव्हता. गेल्या वर्षी गावाबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांची शर्यत झाली. एकेकट्याने गाडी पळवायची आणि वेळ मोजायची, एवढीच. लांबच्या वळणावर विश्वेशच्या गाडीचा मागचा भाग घसरला, गाडीने स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि जिकडून आली होती तिकडे तोंड करून नाचणीच्या शेतात जाऊन बसली. कुणाला काही लागलं नाही. पण सुप्रीता शामियान्यात चित्रान्नाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिने ते सगळं पाहिलं. घरी येईपर्यंत ती डबा मांडीवरच धरून बसली. रात्री कानातले काढताना आरशात बघत म्हणाली, “पुन्हा एकदा घसरली, की विकायची.”

विश्वेश “बरं” म्हणाला.

तिथेच चुकलं. विश्वेशचा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा. दुसऱ्याच्या वाक्यातली पळवाट त्याला झोपेत दिसते. पण बायकोच्या वाक्यात ‘शर्यतीत’ हा शब्द नाही, ‘वेगात’ हा शब्द नाही, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. घसरली, की विकायची. कुठे, कशी, किती, काही नाही.

आता शर्यत पुन्हा येत्या रविवारी. म्हणून विंग.

विंग म्हणजे गाडीच्या मागे, डिकीच्या वर, दोन खांबांवर बसवलेला आडवा पंख. वेग वाढला की त्यावरून जाणारं वारं गाडीचा मागचा भाग खाली दाबून धरतं, चाकं रस्ता सोडत नाहीत, वळणावर शेपूट घसरत नाही. गाडीबरोबर ती येत नाही. बाहेरून घेऊन बसवावी लागते, आणि बसवणारे जितके तितकी मतं. विश्वेशने तीन महिने विंगांची तुलना केली. जाहिराती वाचल्या, व्हिडिओ पाहिले, परदेशातल्या अनोळखी माणसांशी भांडला. एक म्हणे रुंद घ्या, एक म्हणे रुंद घेतली तर सरळ रस्त्यावर गाडी मंदावेल. एक म्हणे कार्बनची, हलकी असते. दुसरा म्हणे कार्बन तडकते, अॅल्युमिनियम घ्या. कुणी म्हणे खालून धरणारे खांब, कुणी म्हणे हंसाच्या मानेसारखे वरून धरणारे. आणि प्रत्येक माणूस तासभर अक्कल शिकवून शेवटी एकच वाक्य म्हणे: अर्थात, प्रत्येक गाडी वेगळी. हे वाक्य आधी सांगितलं असतं तर विश्वेशचे तीन महिने वाचले नसते का? डोकं आपटून घ्यावं असं त्याला वाटायचं, पण गाडी इतकी बुटकी की तिच्यावर डोकं आपटायलाही वाकावं लागे.

शेवटी त्याचा शर्यतीतला दोस्त श्रीनिधी दोन्ही जातीच्या विंगा घेऊन आला. एक काळी, कार्बनची. एक रुपेरी, अॅल्युमिनियमची. “दोन्ही ठेव,” तो म्हणाला. “रिकाम्या रस्त्यावर एकदा ही लावून बघ, एकदा ती. दसऱ्याच्या संध्याकाळी सांग. तुला हवी ती तुझी, उरलेली मी माझ्या गाडीला लावतो.”

इतका सोपा मामला. पण विंगा गंगाधररावांच्या घरात आल्या, आणि तिथे सोपं काही राहत नाही.

पहिल्याच दिवशी शेजारचे वासुदेवराव कुंपणावरून डोकावले. “शेल्फ आणलास की काय, विश्वेश?”

“विंग आहे, काका. गाडीला लावायची.”

“मायलेज वाढतं?”

“नाही. थोडं कमीच होतं.”

वासुदेवरावांनी बराच विचार केला. “मग सुम्ने लावायची?”

सुम्ने म्हणजे उगीच, विनाकारण, हौस म्हणून. मैसूरच्या मराठी घरात या शब्दाशिवाय दिवस मावळत नाही. विश्वेशने त्यांना वाऱ्याचा दाब समजावला, वळण समजावलं, कागदावर बाण काढून दाखवले. वासुदेवराव सगळं ऐकून घरात गेले आणि बायकोला म्हणाले, “सुम्नेच लावतोय.” कुंपण फार बुटकं होतं, विश्वेशला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसमधून आला तर रुपेरी विंग गच्चीत, दोन विटांवर, आणि तिच्यावर ताकात भिजवलेल्या मिरच्या वाळत घातलेल्या.

“आई!”

“अय्यो, ओरडू नकोस. किती छान तापते रे ही फळी. आणि कड वर वळलेली, मिरची घरंगळत नाही. अशा अजून दोन आण.”

“आई, ती विंग आहे. तिच्यावर ओरखडा गेला तर वारं नीट वाहणार नाही.”

“मिरचीने ओरखडा जातो? अर्धवट वाळलेल्या आहेत, आता हलवल्या तर कुजतील. दसऱ्यापर्यंत राहू दे.”

तुलनेतला निम्मा उमेदवार असा मिरच्यांखाली गेला. मग विश्वेशने काळ्या विंगेवर लोकरीचे बारीक धागे चिकटवले. वारं कसं वाहतं ते धाग्यांच्या फडफडीवरून कळतं, अशी पद्धत आहे. अर्ध्या तासाने बघतो तर धागे गायब आणि गोदावरीबाई लोकर गुंडाळतायत. “शेजारची वासुदेवरावांची नात आली होती, म्हणाली आजी गाडीला केस आलेत. मी काढले.”

गंगाधरराव हे सगळं आरामखुर्चीतून पाहत होते. जिल्हा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण खापरपणजोबा मैसूरच्या घोडदळात होते, त्यामुळे वाहनाचा विषय निघाला की घरात त्यांचाच शब्द शेवटचा. तो तसा असावा असं निदान त्यांना वाटे.

“शेपटीची तुलना अशी नाही करायची,” ते म्हणाले. “आपल्या खापरपणजोबांकडे दोन घोडे होते. एकाची शेपटी आखूड, एकाची लांब. कुठला वळणावर चांगला हे बघायला त्यांनी काय केलं? रात्रीतून दोन्ही शेपट्या बदलल्या.”

“घोड्यांच्या शेपट्या बदलल्या?”

“हौदु.”

“कशा, अप्पा?”

“ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर विद्या बुडाली.”

असा सल्ला घरातच मिळत असताना विश्वेश परदेशातल्या माणसांशी भांडत होता, याचं गंगाधररावांना मनापासून वाईट वाटे.

मग खंडेनवमी आली. या दिवशी मैसूरमध्ये पानाच्या टपरीवरच्या अडकित्त्यापासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते. गंगाधररावांच्या घरी खापरपणजोबांची तलवार आणि एक कट्यार माळ्यावरून उतरते, पाटावर मांडतात. शेजारी विळी, शिवणयंत्राची पेटी, विश्वेशचा लॅपटॉप, सुप्रीताची दात उपटायची जुनी पक्कड, गाडीची किल्ली. आणि एकदा पाटावर ठेवलं, पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा आरती होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. हत्यारांचा तो विश्रांतीचा दिवस. हे विश्वेशला लहानपणापासून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की तो अंघोळीला गेला असताना काळी विंगही पाटावर जाऊन बसली होती.

आणि कशी बसली होती? पोट वर करून.

इथे थोडं नीट बघा, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावर उभं आहे. विमानाचा पंख वरून फुगीर असतो, म्हणून विमान वर उचललं जातं. शर्यतीच्या गाडीची विंग म्हणजे तोच पंख उलटा केलेला. फुगीर पोट खाली, सपाट पाठ वर. तेव्हा कुठे वारं गाडीला खाली दाबतं. पण ज्याने हे वाचलेलं नाही त्याला फुगीर बाजू म्हणजेच दर्शनी बाजू वाटणार, त्यात गोदावरीबाईंची काय चूक? त्यांनी त्या गुळगुळीत, चकचकीत पोटावर गंधाची बोटं ओढली, हळदकुंकू वाहिलं, मोगऱ्याचा गजरा गुंडाळला आणि नमस्कार केला.

“आई, ती बाजू खाली असते,” विश्वेश केस पुसत म्हणाला.

“आता झाली पूजा.”

“मला आज ती लावून बघायची होती. उद्या संध्याकाळी श्रीनिधी येणार.”

“आज हत्याराला हात लावतोस? तलवारीला नाही लावत ते?”

“तलवार घेऊन मी रविवारी कुठे जाणार नाहीये!”

“तेच म्हणते मी. तलवार बिचारी कधीच कुठे जात नाही, तरी एक दिवस गप्प बसते. तुझी फळी रोज तरफडते.”

किल्लीही पाटावरच होती. विषय संपला. त्या दिवशी विश्वेशने काय केलं? गाडी धुतली, झेंडू बांधला, आणि बापाने कोहळा फोडला तो पाहिला.

तो कोहळाही सांगितला पाहिजे. गंगाधररावांनी तो देवराज मार्केटमधून स्वतः निवडून आणला होता. वासुदेवरावांच्या म्हणण्याप्रमाणे तो चांगला मोठा होता. गंगाधररावांच्या म्हणण्याप्रमाणे तो विकणाऱ्याने सांगितलं, “साहेब, हा न्यायचा तर हत्ती आणा.” त्याला भोक पाडून आत कुंकू भरलं, गाडीवरून ओवाळला, आणि फाटकासमोर रस्त्यात असा आपटला की लाल लगदा पार वासुदेवरावांच्या दगडी खांबापर्यंत गेला.

“अप्पा, हे झाडून काढतो,” विश्वेश म्हणाला.

“खबरदार. ती दृष्ट आहे. तिला घरच्यांनी हात लावायचा नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाकांनी आपोआप जाते.”

चार घरांची ती गल्ली, येणारं-जाणारं कोण? दूधवाल्याची सायकल. ती बाजूने गेली.

विजयादशमीला सकाळी पुन्हा आरती झाली आणि विश्वेश पान्हे घेऊन तयार. मिरच्या अजून वाळायच्याच होत्या, म्हणून पहिली पाळी काळीची. तो विंग उचलून खांबांवर ठेवतो आहे तोच गोदावरीबाई दारातून किंचाळल्या, “अरे, अरे! कुंकवाची बाजू खाली?”

“हो, आई. ती खालीच असते.”

“पूजेची बाजू चिखलाकडे तोंड करून? दसऱ्याच्या दिवशी? आणि वरून तू त्यात बसणार?”

“आई, ही बाजू वर केली तर गाडी खाली दाबली जाणार नाही, वर उचलली जाईल! विमानासारखी!”

“मग काय वाईट आहे?” गंगाधरराव खुर्चीतून म्हणाले. “मंडकळ्ळीला विमान उतरताना मी बघितलंय. पंख असाच असतो. एवढे शिकलेले लोक तो पंख लावतात, ते काय वेडे?”

“अप्पा, म्हणूनच! ते उडायला लावतात! मला उडायचं नाहीये!”

“ओरडू नकोस. सणाचा दिवस.”

मग काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. विश्वेशने कागद काढला, बाण काढले. गोदावरीबाईंनी कागद बाजूला ठेवून डोळ्याला पदर लावला. विश्वेशने कुंकू पुसू का विचारलं, तेव्हा तर दोघांनीही कानांवर हात ठेवले. शेवटी तो वैतागाने म्हणाला, “बरं. वर तर वर.” मनात हिशेब केला, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत अशीच नेऊ, पुढे हिनकलच्या पेट्रोल बंकवर चार बोल्ट काढून सुलटी करू. चालण्याच्या वेगात विंग उलटी असली काय, नसली काय, वाऱ्याला पत्ताही लागत नाही. हा हिशेब बरोबर होता. विंगेच्या बाबतीत त्याचा एकही हिशेब चुकला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

कुंकवाची बाजू वर करून विंग बसली. गजरा तसाच. गंगाधरराव पांढरा शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसले, म्हणजे कमरेतून घडी होऊन आत उतरले. गोदावरीबाईंनी दही दिलं. गाडी फाटकातून बाहेर पडली.

फाटकाबाहेर काय झालं ते विश्वेशला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य असं होतं की ते उच्चारलं की गाडी राहिली नसती. म्हणून सकाळपासून ते त्याच्या घशात अडकलं होतं, आणि आता संध्याकाळी, बायको फाटकात उभी असताना, ते तिथेच होतं. तेवढ्या अवकाशात बापाने तोंड उघडलं. अप्पांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुत्रा आडवा आला म्हणायचं. गाय आडवी आली म्हणायचं. उडाली कशाला म्हणायचं?

“आम्ही रिंग रोडला लागलो,” गंगाधरराव म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली, म्हणजे विषय लांब होता. “सणाचा दिवस, रस्ता मोकळा. मी म्हटलं, विश्वेश, आता जरा सोड. याने सोडली. हिनकलचा पूल चढलो आणि नोड, बघ सुप्रीता, पुलाच्या माथ्यावर एकदम सगळा आवाज बंद. चाकांचा आवाज नाही. खड्डा नाही. मी म्हटलं, महानगरपालिकेने रस्ता चांगला केला. खाली बघतो तर रस्ता खालीच!”

“किती खाली?”

“हे बघ, मी वाढवून सांगणार नाही. बसच्या टपाइतका.”

“अप्पा,” विश्वेश म्हणाला.

“बरं, बसच्या टपापेक्षा वीतभर कमी. याला कसं माहीत असणार? याने डोळे मिटले होते. लहानपणापासून घाबरट. हुणसूरची बस खालून गेली. खिडकीतली एक बाई वर बघून नमस्कार करायला लागली. मोगऱ्याचा गजरा, कुंकू, तिला वाटलं देवीची स्वारीच चालली आहे. कंडक्टरने टोपी काढली. मी हात हलवला. आता नाही हलवला तर बरं दिसतं?”

“आणि विश्वेश काय करत होता?”

“ब्रेक दाबत होता. हवेत! मी म्हटलं, अरे, ब्रेक कुणाला दाबतोस? ढगाला?”

सुप्रीताने केळ्यांची पिशवी पायरीवर ठेवली. विश्वेशला वाटलं तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्याला वाटलं, भास झाला. मग वाटलं, हलला असेल तर ही संध्याकाळ अजून हातची गेलेली नाही. या विचाराने तो आणखीनच वैतागला, कारण इतकं मूर्खपणाचं काही आपल्याला वाचवू शकेल अशी आशा करणं हेच किती अपमानाचं.

“चामुंडीचा डोंगर दिसला,” गंगाधरराव रंगात आले होते. “राजवाडा दिसला. मिरवणुकीचा, जंबू सवारीचा हत्ती तयार करत होते, त्याच्या पाठीवरची माशी दिसली. एक घार बरोबरीने आली. तिने एकदा आमच्या शेपटीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या, आणि लाजून खाली उतरली. तुझ्या नवऱ्याने तीन महिने तुलना केली ना? घारीने एका नजरेत केली.”

“मग मोडली कशी?” सुप्रीताने चादरीच्या लोंबणाऱ्या टोकाकडे बोट केलं.

“उतरताना. वर जायची सोय केली याने, खाली यायची केली नाही. मी म्हटलं, विश्वेश, घर आलं, वळव. वळवली. आपल्या गल्लीत शिरलो वरूनच. वासुदेवरावांच्या नारळाच्या झावळीला शेपटीचं एक टोक लागलं आणि कट! तेवढंच. बाकी गाडी अशी अलगद उतरली की फाटकावरचं केळीचं पान हललं नाही. आणि एक सांगू? मोडली ते बरंच झालं. निवड झाली. जी मोडली नाही ती चांगली. संपली तुलना. श्रीनिधी आला की सांगायचं.”

कुंपणापलीकडे वासुदेवरावांच्या खिडकीचा पडदा हलला. त्यांच्या फाटकाचा दगडी खांब आज सकाळपासून किंचित तिरका होता आणि त्याला कुणीतरी घाईघाईने केळीचा खुंट बांधला होता. वासुदेवराव मात्र बाहेर आले नाहीत. शेजारी म्हणून माणूस चांगला.

सुप्रीताने चपला काढल्या, कडेला ठेवल्या, आणि सासऱ्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

“मामंजी, मला एकच सांगा. गाडी घसरली का?”

हेच ते. तीन महिन्यांची तुलना, काळी आणि रुपेरी, लोकर, मिरच्या, पाट, कुंकू, सगळं या एका प्रश्नापाशी येऊन उभं होतं. आणि उत्तर द्यायला कोण, तर अप्पा.

गंगाधररावांनी सुनेकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेने पाहिलं. “घसरली? सुप्रीता, तू शिकलेली आहेस. घसरायला काय लागतं? जमीन लागते. चाकाखाली जमीन असेल तर चाक घसरेल. इथे चाक आणि जमीन यांच्या मधून बस गेली! मग घसरेल कशी? पुलाच्या माथ्यापासून या फाटकापर्यंत चाकाला मातीचा कण लागलेला नाही. शपथेवर सांगतो, खापरपणजोबांच्या तलवारीवर हात ठेवून.”

विश्वेशने बापाकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की या माणसाची थाप म्हणजे पक्कं गणित होतं. उडालेली गाडी घसरू शकत नाही. कुत्रा आडवा आला असता तर गाडी घसरली असती. गाय आडवी आली असती तरी. इतक्या सगळ्या थापांतून अप्पांनी नेमकी तीच निवडली होती जिच्यात गाडी वाचत होती. तो इतका चकित झाला की वैतागायचं विसरला, आणि तोंडातून निघून गेलं, “हो. वरूनच आलो.”

गोदावरीबाई चहा घेऊन आल्या. ट्रे सुनेपुढे धरला. “किती दमलीस गं. आधी चहा घे.”

सुप्रीताने कप घेतला. एक घोट प्यायली. “आत्याबाई, छान झालाय,” म्हणाली. मग कप गाडीच्या टपावर ठेवून ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली, जशी ती रोज माणसांच्या उघड्या तोंडापुढे बसते, आणि मोबाइलचा दिवा लावला.

“अय्यो, तिथे काय बघतेस?” गंगाधरराव म्हणाले. “वर बघ, वर. झावळी बघ.”

सुप्रीताने केसातली पिन काढली. चाकाच्या रबराच्या खाचा तिने दिव्यात एकेक करून पाहिल्या, सावकाश, कुणाला दुखू नये अशा बेताने. एका खाचेत पिन घातली, वळवली, काहीतरी बाहेर आलं. दुसऱ्या खाचेतून आणखी एक. तिसरीतून एक लालसर धागा, गराचा. तिने ते सगळं तळहातावर घेतलं आणि उठली. चपट्या, पांढऱ्या, कडेला कुंकवाने लाल झालेल्या बिया.

वासुदेवरावांच्या खिडकीचा पडदा पूर्ण उघडला.

सुप्रीताने हात सासऱ्यांच्या नाकासमोर धरला.

“मामंजी, आभाळात कोहळे कुठे पिकतात?” ती म्हणाली. “गाडी उडाली नाही. घसरली. आपल्याच दारात, तुम्हीच फोडलेल्या कोहळ्यावर.”